डिझाइनमधली गुंतागुंत आणि सिस्टिम मॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेवा, योजना, ॲप, इमारत असं काहीही घडवणाऱ्यांसाठी हे पान आहे. बरीच उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात, ते म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला बोअर. घाईत असाल तर तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न तेवढे वाचा.

सिस्टिम मॅप म्हणजे नेमकं काय?

एखाद्या प्रश्नात कोणत्या गोष्टी वाढतात-घटतात आणि कशामुळे काय वाढतं-घटतं, हे बाणांनी जोडून काढलेलं चित्र. रंगीत चिठ्ठ्या, सॉफ्टवेअर, कार्यशाळा हा सगळा नंतरचा थाट. कागद, पेन्सिल आणि खोडरबर एवढ्यावर काम भागतं, आणि त्यातही खोडरबर जास्त लागतो.

कारणांची यादी आपण सगळेच करतो. यादी खाली उतरत जाते आणि संपते. नकाशातला बाण मात्र फिरून जिथून निघाला तिथं परत येऊ शकतो. अशा वर्तुळाला फीडबॅक लूप म्हणतात, या पानावर त्याला सरळ 'फेरा' म्हटलंय. नकाशा काढायचा तो हे फेरे शोधायला. एकही फेरा सापडला नाही, तर तुम्ही बाण काढलेली यादी केली आहे असं समजा.

माझं काम एक फॉर्म किंवा एक स्क्रीन करण्याचं आहे. मला हे कशाला?

कदाचित लागणारही नाही. रकाना चुकीच्या जागी असेल तर तो हलवा, त्यासाठी नकाशा काढत बसू नका.

ओळखायची एक सोपी खूण आहे. तुमची वस्तू दहा जणांनी वापरली तर काय होईल, आणि सगळ्यांनीच वापरली तर काय होईल, हे विचारून बघा. दोन्ही उत्तरं सारखी आली तर निश्चिंत राहा. ट्रॅफिक चुकवून गल्लीतून नेणारं ॲप दहा जणांकडे असतं तेव्हा वरदान असतं. सगळ्यांकडे आलं की गल्ली तुंबते आणि गल्लीतले लोक रस्त्यावर कुंड्या मांडतात. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की काही जाळ्यांमध्ये नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबतो, कारण जो तो आपल्यापुरता जवळचा मार्ग धरतो. उत्तरं वेगळी आली, की तुमचं डिझाइन परिस्थितीच बदलणार आहे आणि मग नकाशा लागतो.

एखादं खरं उदाहरण घेऊन दाखवाल का?

समजा, शेतीचं पाणी वाचवणारी सेवा डिझाइन करायला सांगितली आहे. ब्रीफमध्ये (काम सोपवणाऱ्यानं लिहून दिलेल्या टिपणात) एक वाक्य आहे: 'शेतकरी पाण्याचा अतिवापर करतात, त्यांच्यात जागरूकता निर्माण करावी.' मराठवाड्यात किंवा अहिल्यानगर-सोलापूरच्या कोरड्या तालुक्यात जाऊन चार जणांशी बोललात, तर जे ऐकू येतं ते साधारण असं असतं.

विहीर आटली म्हणून बोअर घेतला. शेजाऱ्यानं त्याहून खोल घेतला, तेव्हा आपला आटला. मग आपणही खाली गेलो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टच्या कठीण खडकावर आहे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि एकाच भेगेवर अनेकांचे बोअर असतात, म्हणजे एकाच शहाळ्यात दहा स्ट्रॉ. खोल गेलं म्हणून पाणी लागेलच असं नाही. बोअरच्या गाडीचं बिल मात्र फुटावर होतं, पाणी लागो न लागो. त्यावर केसिंग, मोटर, केबल, पाइप. हा पैसा कर्जाचा असतो. कर्ज फेडायचं तर ज्वारी-बाजरीवर भागत नाही, ऊस किंवा फळबाग लावावी लागते. तिला वर्षभर पाणी लागतं. उपसा वाढतो, पातळी आणखी खाली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोअरची गाडी पुन्हा बांधावर उभी राहते.

हे कागदावर असं दिसतं:

पाण्याची पातळी → बोअरची खोली → कर्ज → बारमाही पिकाखालचं क्षेत्र → उपसा → पुन्हा पाण्याची पातळी

पाच चिठ्ठ्या (म्हणजे बाणांनी जोडलेल्या गोष्टी) आणि पाच बाण. यात 'अज्ञान' नावाची चिठ्ठी कुठेच नाही. प्रत्येक जण आपल्या जागी बसून शहाण्यासारखाच निर्णय घेतोय, आणि सगळ्यांचं मिळून पाणी खाली चाललंय. आता ब्रीफमधली 'जागरूकता' यात कुठे चिकटवायची, ते ज्यानं ब्रीफ लिहिलं त्याला विचारा. भांडण होईल, पण डिझाइन सुरू होण्याआधी झालेलं हे भांडण स्वस्तात पडतं.

बाणांवरचे अधिक-उणे कसे वाचायचे?

पहिली गोष्ट वाढल्यावर दुसरीही वाढत असेल (आणि घटल्यावर घटत असेल) तर अधिक. उलट होत असेल तर उणे. अधिक म्हणजे चांगलं आणि उणे म्हणजे वाईट, ही समजूत प्रत्येक नवख्याची असते. ती पहिल्या तासातच मोडून काढा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

वरच्या फेऱ्यात पातळी आणि खोली यांच्यामध्ये उणे आहे: पातळी घटली की खोली वाढते. पुढचे तीन बाण अधिकचे. उपशाकडून पातळीकडे येणारा पुन्हा उणे. उणे मोजा. शून्य किंवा सम संख्या आली, तर फेरा स्वतःलाच ढकलत राहतो आणि घसरण सुरू झाली की वाढतच जाते. विषम आली, तर फेरा स्वतःला आवरतो. बोअरच्या गोष्टीत असा आवरणारा फेराही आहे: पातळी फार घटली की मोटर पाणी ओढेनाशी होते, उपसा बंद पडतो, पाऊस झाला की पातळी सावरते. म्हणजे निसर्गाचा ब्रेक आहे. फक्त तो लागतो तेव्हा बाग वाळत असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा अशाच गेल्या.

चिठ्ठीवर काय लिहायचं यालाही महत्त्व आहे. 'पाणीटंचाई भीषण झाली' ही बातमी झाली. 'पाण्याची पातळी' लिहा, म्हणजे ती वर-खाली जाऊ शकेल. 'सरकारची उदासीनता' लिहू नका. त्याऐवजी 'तक्रार केल्यापासून रोहित्र बदलेपर्यंतचे दिवस' लिहा, ते मोजता येतात आणि त्यावर कुणी हमरीतुमरीवर येत नाही.

नकाशा काढला, चांगला उपाय सुचला. मग काम झालं ना?

नाही. इथून खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक टीम नेमक्या इथंच उठून चहाला जातात. तुमचा उपाय हीसुद्धा एक चिठ्ठी आहे. ती नकाशात चिकटवा आणि तिच्यापासून निघणारे बाण परत येईपर्यंत काढत राहा. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे करा.

ठिबकचं बघा. ठिबकनं एकरी पाणी कमी लागतं. तो एक बाण, उपसा कमी करणारा. जाहिरातीत एवढाच बाण असतो. पण पाणी शिल्लक राहिलं की शेतकरी काय करेल? कर्ज डोक्यावर असलेला माणूस आणखी एक एकर भिजवेल. तो दुसरा बाण, उपसा वाढवणारा. दोघांत जड कोण, यावर गावाचं पाणी वाचतं की नाही ते ठरतं. कोळशाबद्दल हेच निरीक्षण इंग्लंडच्या विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्ये मांडलं होतं: इंजिनं काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी जळला नाही, इंजिनंच वाढली.

शेततळ्याचं उदाहरण तर डिझाइनच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवावं असं आहे. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं, खंड पडला की पिकाला द्यायचं, असा विचार. पुढे बऱ्याच ठिकाणी तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर आलं आणि ती भरली गेली बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यानं. का, ते नकाशात लगेच दिसतं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, उद्या शेजारी ओढणार. तळ्यातलं माझं. मग पाणी आहे तोवर उपसून तळ्यात भरून ठेवणं हाच व्यवहार. वरून उन्हानं त्याची वाफ होते ते वेगळं. आणि तळं भरलेलं दिसलं की बाग लावायला धीर येतो, म्हणजे बारमाही क्षेत्राकडे आणखी एक बाण. पावसाचं पाणी अडवायच्या हेतूनं आणलेली गोष्ट उपशाच्या फेऱ्यात जाऊन बसली. यात लबाडी कुणाचीच नाही.

तिसरं उदाहरण मोबाइलवाल्यांसाठी. 'आज पिकाला इतकं पाणी द्या' असा मेसेज पाठवणारी ॲप्स पुष्कळ आहेत. शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसाकाठी साधारण आठ तास मिळते आणि तिची पाळी बदलत असते. रात्रीची पाळी असली की काळोखात, साप-बिबट्याच्या धास्तीत कोण जाणार? म्हणून मोटरीला 'ऑटो' बसवलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. त्या रात्री पिकाला किती पाणी मिळणार हे फीडरच्या वेळापत्रकावर ठरतं आणि ॲपचा मेसेज झोपलेल्या माणसाच्या उशाशी वाजतो. स्क्रीन कितीही देखणी केली तरी त्या स्क्रीनपासून मोटरीपर्यंत बाणच नाही.

नकाशाची हद्द कुठे आखायची? सगळंच सगळ्याशी जोडलेलं असतं.

असतं, म्हणूनच हद्द लागते. जी गोष्ट आपल्यावर परिणाम करते पण आपला तिच्यावर काही होत नाही, ती कडेला लिहा. गावाच्या नकाशात पाऊस कडेला आणि उसाचा दरही कडेला. राज्याचा नकाशा काढत असाल तर उसाचा दर आत येईल, कारण राज्यभर ऊस वाढला की साखरेचा बाजार हलतो.

काय गाळायचं हे प्रश्न ठरवतो. १९३१ मध्ये हॅरी बेक या ड्राफ्ट्समननं लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा काढला, तो १९३३ मध्ये छापला गेला. त्यानं वरच्या शहराची अंतरं आणि वळणं सरळ काढून टाकली. चढायचं कुठे, बदलायची कुठे, उतरायचं कुठे, एवढंच प्रवाशाला हवं होतं. त्याच नकाशावर विसंबून लंडनमध्ये पायी निघालात तर फसाल, पण तो दोष बेकचा नाही.

आमचा नकाशा शेवयांच्या गुंत्यासारखा झालाय. काय करू?

तुम्ही एकटे नाही. अमेरिकी सैन्यानं २००९ मध्ये अफगाणिस्तानच्या परिस्थितीचा असाच एक नकाशा स्लाइडवर काढला होता. तो पाहून तिथल्या फौजांचे प्रमुख जनरल मॅक्क्रिस्टल म्हणाले की ही स्लाइड समजेल तेव्हा आपण युद्ध जिंकलेलं असेल, आणि खोली हसली. ब्रिटिश सरकारच्या फोरसाइट कार्यक्रमानं २००७ मध्ये लठ्ठपणाचा नकाशा केला. त्यात शंभरावर घटक आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो रेषा होत्या. तो एका दृष्टीनं उपयोगीच ठरला: हा प्रश्न एकट्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातला नाही हे बघताक्षणी कळत होतं. पण असे नकाशे काढणाऱ्याला जितके कळतात तितके बघणाऱ्याला कधीच कळत नाहीत. बघणाऱ्याच्या लेखी ते पोस्टर असतं.

मोठा नकाशा भिंतीवर राहू द्या. त्यातले दोन-तीन फेरे वेगळ्या कागदावर काढा, प्रत्येकाला नाव द्या (कर्जाचा फेरा, तळ्याचा फेरा, रात्रपाळीचा फेरा) आणि बैठकीत फक्त ते दाखवा. नाव दिलेला फेरा लोक लक्षात ठेवतात आणि पुढच्या बैठकीत स्वतःहून काढतात.

लोकांना सोबत घेऊन नकाशा कसा काढायचा?

आपल्याकडे याची चांगली परंपरा आहे. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनात गावकरी देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळी, दगड, बिया वापरून गावाचा नकाशा जमिनीवर काढतात. कोणती संस्था किती मोठी आणि किती जवळची, हे दाखवायला कागदाचे लहान-मोठे गोल ठेवतात. या पद्धतीत त्याला चपाती आकृती म्हणतात. जमिनीवर काढण्याचा फायदा असा की खडू एकाच्या हातात अडकत नाही आणि चूक पायानं पुसता येते.

अडचण वेगळीच असते. पारावर बसून काढलेला नकाशा हा पारावर बसणाऱ्यांचा नकाशा असतो. सरपंच एक बाण काढतात आणि बाकीचे 'बरोबर आहे दादा' म्हणतात. बायकांना वेगळं बसवा. 'आक्का, पाणी कमी झालं की तुमच्या घरात पहिलं काय बदलतं?' असं विचारलंत की बोअरचं नावही न येता हंड्यांच्या खेपा येतात, मुलीची शाळा येते, दुसऱ्याच्या विहिरीवर भरायला जावं लागतं तो मिंधेपणा येतो. भूमिहीन मजुरांच्या नकाशात 'कर्ज' नसतंच, तिथं 'कामाचे दिवस' असतात, आणि बागा वाढल्या की ते वाढतात. म्हणजे पाणी खाली नेणारी गोष्ट कुणाची तरी चूलही पेटवते. हे तीन नकाशे एकत्र करायची घाई करू नका. शेजारी शेजारी लावा आणि फरकावर बोला.

जर्नी मॅप आणि सर्व्हिस ब्लूप्रिंट आम्ही करतोच. हे त्याहून वेगळं कसं?

जर्नी मॅप एका माणसाच्या मागून चालतो. ब्लूप्रिंट (लिन शोस्टॅक यांनी १९८० च्या दशकात मांडलेला) त्या माणसाला न दिसणारं पडद्यामागचं कामही दाखवतो. दोन्ही डावीकडून उजवीकडे जातात आणि संपतात. माणसं एकमेकांच्या वागण्याला प्रतिसाद देऊ लागली की त्यांत जागा उरत नाही. तिन्ही करा, पण सिस्टिम मॅप आधी.

हात नेमका कुठे घालायचा?

व्यवस्थांच्या अमेरिकी अभ्यासक डोनेला मेडोज यांनी व्यवस्थेत हस्तक्षेप करायच्या १२ जागांची उतरंड लावली होती. तळाशी आकडे: अनुदान, कर, मानकं. त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर माहिती कुणाला मिळते आणि नियम कोण करतं. त्याहून वर व्यवस्थेचं ध्येय आणि त्यामागची समजूत. आपण बहुतेक वेळा तळाशीच खेळतो, कारण तिथं काम पटकन दिसतं. ठिबकचं अनुदान इतक्याचं तितकं करणं म्हणजे आकडा बदलणं. फेरा तोच राहतो.

हिवरे बाजारनं नियमाच्या पायरीवर हात घातला. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिकं नाकारली, आणि दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवायला सुरुवात केली. आपल्या नकाशावर हे ठेवून बघा: 'खोली'कडे जाणारा बाण तुटतो, आणि पातळीकडून थेट पीकक्षेत्राकडे नवा बाण येतो, तोही मोटर कोरडी पडण्याआधी.

मात्र कुठे घालायचा हे नकाशा सांगतो, लोक ऐकतील का हे सांगत नाही. हिवरे बाजारमध्ये या नियमांमागे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि वर्षानुवर्षांची पाणलोटाची कामं होती. तो पाया नसलेल्या गावात तोच ठराव आणला तर इतिवृत्तात राहील.

आकडे नसतील तर चालेल का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

सुरुवातीला आकड्यांविना चालतं, आणि आकडे आले तरी लगेच सॉफ्टवेअर लागतं असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत सिस्टिम डायनॅमिक्सचा (व्यवस्था काळासोबत कशी बदलते याच्या अभ्यासाचा) पाया घालणाऱ्या जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यांचा प्रश्न वहीवर पेन्सिलीनं गणितं मांडून सोडवला. तिथं कामगार कधी कमी पडत, कधी जास्त होत, आणि सगळे बाजारातल्या तेजी-मंदीला दोष देत. फॉरेस्टर यांना दिसलं की बाहेरची मागणी स्थिर धरली तरी हा हेलकावा येतोच, कारण तो कारखान्याच्या स्वतःच्या भरती आणि साठ्याच्या नियमांतून आणि मधल्या विलंबातून येतो. विलंब असलेल्या बाणावर दोन आडव्या रेघा मारायची पद्धत आहे. त्या विसरू नका. आज लावलेलं मोसंबीचं रोप पुढची कित्येक वर्षं पाणी मागणार आहे.

सॉफ्टवेअरमध्ये लूपी फुकट आहे आणि फेरा हलताना दाखवतं, शिकवायला उत्तम. एकत्र बसून काढायला मिरो चालतं, मोठ्या जाळ्यासाठी कुमु, आकडे घालून चालवून बघायला वेन्सिम. पहिला मसुदा यांपैकी कशातच करू नका. स्क्रीनवर काढलेला बाण सुबक दिसतो आणि सुबक दिसणाऱ्या गोष्टीवर कुणी शंका घेत नाही.

एआयकडून नकाशा काढून घेतला तर?

दोन मिनिटांत मिळेल, आणि बराचसा बरोबरही असेल. रात्रपाळीचा 'ऑटो' त्यात असेलच असं नाही. तुमच्या टीमनं काय गाळलं हे तपासायला वापरा. शेतावर जायचं टाळायला वापरू नका.

नकाशा बघून उत्तर सापडतं का?

क्वचित. डॉक्टर जॉन स्नोनं लंडनमध्ये १८५४ च्या कॉलऱ्याचा नकाशा काढला आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप पकडला, अशी गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात पाण्यातून कॉलरा पसरतो हा त्याचा संशय जुना होता. तो दारोदार फिरला, पंपाचा दांडा सप्टेंबरमध्ये काढला गेला (तेव्हा साथ ओसरूही लागली होती), आणि नकाशा त्यानंतर आला, इतरांना पटवायला. त्याला जास्त मदत झाली ती या चित्रात न बसणाऱ्या घरांची. पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये (निराधार गरिबांना ठेवायच्या जागेत) माणसं फारशी मेली नाहीत, कारण तिथं स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, ते बिअर पीत होते. तुमच्याही नकाशात न बसणारी माणसं शोधा. भोवतीचे सगळे बोअर कोरडे असताना एखाद्याच्या विहिरीला पाणी का आहे, हे जाऊन विचारा.

नकाशा पूर्ण झाला हे कसं ओळखायचं?

पूर्ण होत नाही. नवीन माणसाशी बोलल्यावर नवी चिठ्ठी येईनाशी झाली की थांबा. कोपऱ्यात तारीख टाका. ज्या बाणांबद्दल खात्री नाही ते तुटक रेघेनं ठेवा आणि ते तपासायला कुणाकडे, कधी जायचं ते शेजारी लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. पावसाळ्यानंतरचे आकडे आले की आधी तुटक रेघांवरून हात फिरवा, ठिबकच्या दोन बाणांपासून सुरुवात करून.